कंबर ओढून घेण्यापूर्वी

सोयाबीनची सोंगणी आटोपून कापसाची वेचणी सुरू झाली, की आमच्या अमरावतीच्या दवाखान्यात कंबरदुखीच्या रुग्णांची रांग लांबते. दिवसभर वाकून वेचणाऱ्या स्त्रिया, पाठीवर फवारणीचा पंप वाहणारे गडी आणि अकोल्याला रोज मोटारसायकलने ये-जा करणारे नोकरदार. (२०२२ च्या जूनमध्ये या महामार्गावर ७५ किलोमीटरचे सलग डांबरीकरण पाच दिवसांच्या आत करून विश्वविक्रम झाला. त्याआधीच्या खड्ड्यांनी किती जणांच्या कंबरा धरल्या, याची नोंद कोणी ठेवली नाही.) अलीकडे या रांगेतून एक प्रश्न हमखास येतो. "डॉक्टरसाहेब, मशीनवर कंबर ओढतेत म्हणे, करून घेऊ काय?"

हा प्रश्न मी स्वतःलाही विचारला होता. चार वर्षांपूर्वी माझी कंबर धरली आणि डाव्या पायातून वीज उतरावी तशी कळ येऊ लागली. अकोल्यातील एका फिजिओथेरपिस्ट मित्राने मला ट्रॅक्शनच्या टेबलावर निजवले. छाती व कंबर पट्ट्यांनी बांधली आणि यंत्राची ओढ सुरू झाली. वीस मिनिटे कण्यावरचे ओझे कोणी उचलून धरल्यासारखे वाटले. परतीच्या वाटेवर मूर्तिजापूर मागे पडेपर्यंत कळ पुन्हा आपल्या जागी हजर होती.

असे का व्हावे? ओढ चालू असताना दोन मणक्यांमधील जागा किंचित रुंदावते, चकतीवरील दाब कमी होतो, स्नायू सैलावतात. उभे राहिल्यावर शरीराचा भार पुन्हा त्याच चकत्यांवर येतो. रात्री झोपेतही चकत्या अशाच फुगतात. म्हणूनच सकाळी आपली उंची संध्याकाळपेक्षा सुमारे एक ते दीड सेंटिमीटर अधिक भरते. 'सरकलेली चकती जागेवर बसवतो' असे जे सांगितले जाते, त्याला आधार नाही. 'डिकम्प्रेशन' हे संगणकाने नियंत्रित केलेले ट्रॅक्शनच होय. नाव नवे आहे, दरही नवा आहे.

माझे दुखणे दोन महिन्यांत शमले. पण त्याचे श्रेय यंत्राला देण्यास मी धजत नाही, कारण चकतीमुळे पायात उतरणारी कळ बहुसंख्य रुग्णांत सहा ते बारा आठवड्यांत आपोआपच ओसरते. वीस बैठकांचे पॅकेज संपायलाही साधारण तेवढाच काळ लागतो, हे ध्यानात घ्यावे. २०१३ मध्ये कॉक्रेनच्या अभ्यासकांनी ३२ चाचण्या एकत्र तपासल्या. त्यांत एकूण २,७६२ रुग्ण होते. वेदना, हालचाल वा कामावर परतणे, यांपैकी कशातही ट्रॅक्शनमुळे म्हणण्यासारखा फरक पडल्याचे त्यांना आढळले नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी ट्रॅक्शन नित्याने वापरू नये, असेच सांगितले.

एवढ्यावर भागले असते, तर 'पैसे गेले, पण अपाय नाही' म्हणून मी गप्प बसलो असतो. परंतु एक रुग्ण माझ्या मनातून जात नाही. चाळिशीची शेतकरी स्त्री. सोयाबीनच्या पैशांतून दहा बैठका झालेल्या, आणि दुखणे वाढतच चाललेले. वजन घटले होते, रोज संध्याकाळी अंग तापत होते, रात्री झोपेतही कंबर ठणकत होती. यांतील एकही गोष्ट तिला तोवर कोणी विचारली नव्हती. एमआरआयमध्ये मणक्याचा क्षयरोग निघाला. किडीने पोखरलेल्या वाशाला दोर बांधून ओढावे, तसा तो प्रकार होता. क्षयाची औषधे सरकारी दवाखान्यात विनामूल्य मिळतात. ती वेळेवर सुरू झाल्याने तिचे पाय वाचले.

म्हणून टेबलावर निजण्याआधी तपासणी करून घ्या. ताप, वजन घटणे, विश्रांतीतही न थांबणारी वेदना, पूर्वी झालेला कर्करोग, उतारवयातील ठिसूळ हाडे, पडल्यानंतर सुरू झालेले दुखणे, गर्भारपण, यांपैकी काहीही असेल तर ओढ देऊ नये. लघवी अडणे, मांड्यांमधील जागा बधिर होणे, पाऊल लुळे पडणे, असे झाल्यास त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे. तेथे तासांचा हिशेब असतो.

बाकीच्यांनी अंथरूण धरू नये. चालावे, पोटाचे व पाठीचे स्नायू बळकट करणारे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून रोज करावेत, फवारणीचा पंप गळ्यापर्यंत न भरता अर्धाच भरावा. श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून ज्या गावात उभे आहे, तेथील लोकांना व्यायामाचे महत्त्व डॉक्टराने पटवावे लागते, याचे मला नवल वाटते. आणि हे सारे करूनही कोणाला यंत्राची ओढ घेऊन पाहायचीच असेल, तर दोन-तीन बैठकांचेच पैसे द्यावेत. पॅकेजची रक्कम आगाऊ भरू नये.