नंबर दोन, मोबाइल एक

सौंसरजवळच्या जामसांवलीला शनिवार-मंगळवारी गर्दी असतेच. हनुमान जयंतीला तर पाय ठेवायला जागा नसते. पिंपळाखाली पहुडलेल्या मारुतीच्या दर्शनाला नागपूर, छिंदवाड्याकडून माणसे येतात आणि 'हनुमान लोक' हा मंदिर परिसर उभा राहील तशी ही गर्दी वाढणार. या रस्त्यावरचे लॉज, भोजनालये, टॅक्सीवाले, झालेच तर सौंसर-पांढुर्ण्याचे संत्रा व्यापारी, साऱ्यांचा धंदा फोनवर चालतो. म्हणून पाटीवर नंबर दोन रंगवलेले असतात. पण पुष्कळ ठिकाणी ती दोन्ही सिमकार्डे एकाच मोबाइलमध्ये असतात आणि तो मोबाइल मालकाच्या खिशात. मालक गाडी भरून नागपूरच्या कळमना बाजारात गेला आणि वाटेत बॅटरी संपली, की पाटीवरचे दोन्ही नंबर एकदमच मुके होतात. आंबिया बहाराची तोड चालू असताना बोलणी अशी अडली, तर माल थांबत नाही. गिऱ्हाईक दुसरीकडे जाते.

सोय दुहेरी आहे की नाही, हे नंबर मोजून कळत नाही. एक बिघाड झाला तर काय काय बंद पडेल, एवढेच विचारायचे. दोन वेगळ्या कंपन्यांची सिम घेतली म्हणजे प्रश्न सुटला, असेही नाही. एकाच मनोऱ्यावर दोन-तीन कंपन्या भाड्याने अँटेना लावतात. लाइन गेली, मनोऱ्याची बॅटरी संपली आणि जनरेटरला डिझेल नसले, की साऱ्या कंपन्यांची रेंज सोबतच जाते. लँडलाइनचा आधारही आता पूर्वीसारखा राहिलेला नाही. तांब्याच्या तारेवरच्या फोनला वीज एक्स्चेंजमधून यायची, 48 व्होल्टची. त्यामुळे घरात अंधार असला तरी रिंग वाजे. फायबरवरच्या फोनचा डबा घरच्या विजेवर चालतो. घरची लाइन गेली की फोन गेला. त्या डब्याला छोटा यूपीएस जोडला तरच त्या लँडलाइनला पर्याय म्हणायचे.

ही चूक फक्त छोटे दुकानदार करतात असे नाही. 8 जुलै 2022 रोजी कॅनडातल्या रॉजर्स या बड्या कंपनीचे जाळे कोसळले. 1 कोटी 20 लाखांहून अधिक ग्राहकांचे फोन आणि इंटरनेट बंद पडले, डेबिट कार्डाचे व्यवहार थांबले, आणीबाणीचा 911 अनेकांना लागेना. मोबाइल आणि घरचे इंटरनेट या कंपनीच्या दोन वेगळ्या सेवा खऱ्या, पण दोन्हींचा गाभा एकच होता. दुरुस्ती करणाऱ्या कर्मचाऱ्यांचे फोनही त्याच जाळ्यावर, म्हणून सुरुवातीला त्यांनाच एकमेकांशी बोलता येईना. पुढच्या वर्षी 8 नोव्हेंबरला ऑस्ट्रेलियात ऑप्टस कंपनीचे जाळे बंद पडले. तिथे आणीबाणीचा कॉल दुसऱ्या कंपनीच्या जाळ्यावरून जाण्याची सोय आधीच होती. पण बंद पडलेल्या जाळ्याचे काही मनोरे हवेत सिग्नल सोडतच राहिले. मोबाइल त्यांनाच चिकटून राहिले आणि 2,145 लोकांना मदतीचा नंबर लागला नाही. पर्याय होता, पण त्याकडे वळायची वेळ झाली आहे हे यंत्राला उमगलेच नाही.

नीट विचार केल्याचे उदाहरण आपल्या शेजारीच आहे. महाराष्ट्राच्या 112 या आणीबाणी सेवेचे मुख्य केंद्र नवी मुंबईत आणि दुसरे नागपुरात. नवी मुंबईच्या लाइन भरल्या की कॉल नागपूरकडे वळतो. दोन केंद्रे एकाच शहरात बांधणे सोपे झाले असते. पण 12 ऑक्टोबर 2020 ला मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज एकदम गेली, त्या दिवशी नागपुरात दिवे चालू होते. दुसरे केंद्र दूर ठेवण्याचे मोल यावरून समजावे.

लॉजवाल्याला वा व्यापाऱ्याला असे केंद्र बांधायचे नाही. एक नंबर फायबरवर, यूपीएससह. दुसरा वेगळ्या कंपनीच्या सिमवर, वेगळ्या माणसाच्या हातात, आणि तो दुकानात राहणारा. पहिला लागला नाही तर कॉल दुसऱ्यावर वळेल ही नोंद कंपनीच्या यंत्रणेत हवी; दुकानातल्या यंत्रात ठेवली तर ते यंत्र बंद पडताच तीही निकामी. कॉल वळवण्याच्या नावाखाली लुबाडणूक होऊ लागल्याने दूरसंचार विभागाने 15 एप्रिल 2024 पासून यूएसएसडी कोड दाबून मिळणारी ही सोय थांबवायला लावली. तेव्हा फोनवर कुणी सांगितलेला कोड दाबू नये, कंपनीकडून रीतसर करून घ्यावे. आणि हंगामापूर्वी एकदा भर दुपारी फायबरच्या डब्याची वायर मुद्दाम काढून आपल्याच पाटीवरचा नंबर बाहेरून लावून बघावा. हे न केलेला दुसरा नंबर म्हणजे हवा न भरलेली स्टेपनी.

व्यापाऱ्याचे नुकसान त्याच्यापुरते असते. सरकारी कचेरीचा नंबर मुका झाला तर त्याची झळ गावाला बसते. पांढुर्णा जिल्हा 2023 च्या ऑक्टोबरात झाला. नव्या जिल्ह्यात कचेऱ्यांची, नियंत्रण कक्षांची घडी बसवावी लागते, आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर दगडफेकीची गोटमार होते तेव्हा रुग्णवाहिकेला लागणारा कॉल अडून चालत नाही. टेंडरमध्ये 'दोन टेलिफोन लाइन' एवढेच लिहिले, तर ठेकेदार एकाच नालीतून दोन केबल टाकून बिल घेऊन जाईल, आणि रस्ता खोदणारा जेसीबी दोन्ही एका फटक्यात तोडेल. 'दोन वेगळ्या कंपन्यांच्या, दोन वेगळ्या मार्गांनी आलेल्या, आणि एक तोडून दाखवल्यावरच बिल मंजूर' ही अट लिहायला खर्च येत नाही. ती आत्ताच लिहावी.