कारणं लिहा

ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात वडिलांच्या हाताखाली वकिली शिकलेले न्या. अभय ओक 10 मे 2019 रोजी कर्नाटक उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती झाले. या पदावर बाहेरच्या राज्यातला माणूस नेमायचा, हा आपल्याकडचा प्रघात. त्यामुळे बंगळुरूत त्यांना सरकार नवं, महापालिका नवी, वकीलवर्ग नवा. खड्डे मात्र ओळखीचे!

मे 2015 मध्ये मुंबईत त्यांच्याच खंडपीठाने सुस्थितीतले रस्ते हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग ठरवला होता. बंगळुरूत येऊन तीन महिने व्हायच्या आत, 31 जुलै 2019 ला, तेच तत्त्व त्यांनी इथल्या महापालिकेला ऐकवलं. वर, खड्ड्यामुळे इजा झाली तर नागरिकाला भरपाई मागता येईल, हेही सांगितलं. खड्डे बुजले का, हे इथल्या दुचाकीवाल्याला विचारू नये.

ओकांचे आदेश मी वाचत असे ते भाषेच्या फुलोऱ्यासाठी नव्हे. फुलोरा तिथे औषधालाही नसे. सरकार काय म्हणतं, कोणत्या कलमाच्या आधारे म्हणतं, तो आधार कागदावर कुठे आहे. आणि शेवटी, प्रतिज्ञापत्र कधीपर्यंत दाखल करायचं ती तारीख. उच्च न्यायालयाची लाल इमारत, अठरा कचेरी, विधानसौधाच्या थेट समोर उभी आहे. रस्ता ओलांडला की सरकार. या कारकिर्दीत त्या रस्त्यावरून सर्वाधिक ये-जा एकाच प्रश्नाची झाली असावी: कारण काय, ते लिहून द्या.

याचा उत्तम नमुना म्हणजे जमावबंदीचा निकाल. नागरिकत्व दुरुस्ती कायद्याविरोधात निदर्शनं होणार म्हणून बंगळुरूत 18 डिसेंबर 2019 ला कलम 144 लावलं गेलं. दुसऱ्या दिवशी टाऊन हॉलपाशी इतिहासकार रामचंद्र गुहांना पोलिसांनी ताब्यात घेतलं, ते दृश्य देशभर दिसलं. प्रकरण कोर्टात आलं तेव्हा न्या. ओक आणि न्या. हेमंत चंदनगौडर यांनी भाषणस्वातंत्र्यावर प्रवचन दिलं नाही. त्यांनी पोलीस आयुक्तांचा आदेश समोर ठेवून तो वाचला. त्यात उपायुक्तांचे अहवाल उतरवून काढले होते. आयुक्तांचं स्वतःचं मत कसं बनलं, याचा पत्ता नव्हता. कारणं नोंदवलेली नाहीत, म्हणून आदेश कायद्याच्या कसोटीला उतरत नाही, असं 13 फेब्रुवारी 2020 ला ठरलं. विनोबांच्या चालीने सांगायचं नाही, हेडक्लार्कच्या चालीने सांगायचं; आणि सरकारला हेडक्लार्कचीच भाषा जास्त झोंबते.

माझी तक्रार वेळेबद्दल आहे. बंदी तीन दिवसांची, निकाल जवळपास दोन महिन्यांनी. ज्यांना त्या तीन दिवसांत रस्त्यावर उभं राहायचं होतं, त्यांच्या हाती तोवर काय उरलं? पुढच्या आयुक्ताला आदेश काढताना पेन थोडं जपून चालवावं लागेल, एवढंच.

आमदार-खासदारांवरचे खटले मागे घेण्याच्या सरकारी आदेशाला डिसेंबर 2020 मध्ये दिलेली स्थगितीही सरकारला जाब विचारण्याच्या याच वळणाची. अशा आदेशांनी ओढवणारी सरकारची नाराजी ओकांना नवी नव्हती. 2017 साली ध्वनिप्रदूषणाच्या प्रकरणात महाराष्ट्र सरकारने त्यांच्यावर पक्षपाताचा आरोप केला होता. वकिलांनी रान उठवल्यावर माफी मागून तो मागे घ्यावा लागला.

कोविडच्या दुसऱ्या लाटेत मात्र कोर्टाने वेळ दवडला नाही. मे 2021 च्या सुरुवातीला चामराजनगरच्या सरकारी रुग्णालयात ऑक्सिजनअभावी रुग्ण दगावले. राज्याचा कोटा होता दिवसाला 965 टन. 5 मे रोजी न्या. ओक आणि न्या. अरविंद कुमार यांनी तो 1,200 टन करण्याचा आदेश केंद्राला दिला. केंद्र सर्वोच्च न्यायालयात धावलं. ही तात्पुरती व्यवस्था आहे आणि विचारपूर्वक केलेली आहे, असं म्हणून 7 मे रोजी तिथे हस्तक्षेपास नकार मिळाला. म्हणजे इथेही आदेश तगला तो त्यात आकडे आणि कारणं होती म्हणून.

11 मे रोजी जमशेदपूरहून 120 टन ऑक्सिजन घेऊन पहिली रेल्वे बंगळुरूत व्हाइटफील्डला पोचली. ती त्या आदेशामुळेच आली, असं मी म्हणणार नाही. रेल्वे बऱ्याच राज्यांना टँकर नेत होती. पण 1,200 चा आकडा तोवर कागदावर होता, आणि त्याखाली दोन न्यायमूर्तींच्या सह्या होत्या.