लहान अवजारे, स्वच्छ कमाई

हिंजवडी आणि माण ही गावे आमच्या मुळशी तालुक्यातलीच. तिथे आयटी पार्क उभा राहिल्यापासून पौड, पिरंगुट, भूगावच्या घरांतूनही "मुलाला कॉम्प्युटरचं काय शिकवावं?" हा प्रश्न आम्हा शिक्षकांना विचारला जातो. आता मुलीही विचारतात. घरी बसून निकाहची पत्रिका, दुकानाचा बोर्ड, जलशाचे पोस्टर किंवा एखाद्या दुकानाची साधी वेबसाइट करून चार पैसे मिळतात, हे त्यांनी पाहिलेले असते. मग घरात दोनच वाटांची चर्चा होते. एक, हजारो रुपये भरून मोठे सॉफ्टवेअर घ्यायचे. दुसरी, ओळखीच्या कुणाकडून 'क्रॅक' केलेले फुकट टाकून घ्यायचे. पुष्कळ घरांत दुसरी वाट धरली जाते. या महिन्यात आम्हाला तिसऱ्या वाटेबद्दल बोलायचे आहे.

आधी दुसऱ्या वाटेचे पाहू. सॉफ्टवेअर ही कुणाच्या तरी मेहनतीची वस्तू आहे. दुकानातून न विचारता कापड उचलले तर आपण त्याला जे म्हणतो, तेच इथेही म्हणावे लागेल. कायदाही तेच म्हणतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ब प्रमाणे चोरीची प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्याला सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. शिवाय कुलूप तोडलेल्या सॉफ्टवेअरमधून व्हायरस आत येतात. त्याच कॉम्प्युटरवर घरातल्यांची आधार कार्डे, फोटो आणि बँकेचे पासवर्ड असतात. मुलाच्या पहिल्या रोजीची सुरुवात अशा पायावर व्हावी, असे कोणत्या आई-वडिलांना वाटेल?

तिसरी वाट आहे लहान अवजारांची. शिंप्याच्या दुकानात एकच भले मोठे यंत्र नसते; कात्री, टेप, खडू, सुई अशी प्रत्येक कामाची वेगळी वस्तू असते. कॉम्प्युटरवरही तसेच करता येते.

पत्रिका आणि बोर्डाच्या रेखाटनासाठी इंकस्केप आहे. २००३ पासून चालू असलेले हे सॉफ्टवेअर मोफत आहे आणि धंद्यासाठी वापरायलाही मोकळीक आहे. फोटो दुरुस्त करायला गिम्प आहे. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठातील दोन विद्यार्थ्यांनी १९९५ साली ते सुरू केले. वेबसाइटचा मजकूर आणि कोड लिहायला नोटपॅड प्लस प्लस पुरते. पडद्यावरच्या एखाद्या रंगाचा नेमका क्रमांक हवा असेल, तर मायक्रोसॉफ्टचे मोफत पॉवरटॉइज टाकून घ्यावे. मग विंडोज, शिफ्ट आणि सी ही बटणे एकत्र दाबून त्या रंगावर क्लिक केले की क्रमांक मिळतो.

आणखी एक नाव म्हणजे इरफानव्ह्यू. इरफान श्किलयान हे मूळचे बोस्नियाच्या यायत्से गावचे. व्हिएन्नात शिकत असताना, १९९६ साली त्यांनी ते बाहेर काढले. अवघ्या काही एमबीचे हे सॉफ्टवेअर पन्नास फोटो एका दमात लहान करून देते. मोबाइलवरचे मोठे फोटो तसेच वेबसाइटवर टाकले तर पान उघडायला वेळ लागतो. तो त्रास याने वाचतो. मात्र इथे एक गोष्ट मुलांना शिकवण्यासारखी आहे. इरफानव्ह्यू घरगुती वापराला मोफत आहे. धंद्यासाठी वापरायचे तर थोडी फी भरावी लागते. 'मोफत' या शब्दाचा अर्थ प्रत्येक ठिकाणी सारखा नसतो. म्हणून कोणतेही अवजार घेताना त्याच्या परवान्याच्या अटी आधी वाचाव्यात.

आपल्या घरांची खरी अडचण दोन लिप्यांची आहे. पत्रिकेत एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला उर्दू. डीटीपीच्या दुकानांत अजूनही जुन्या पद्धतीचे मराठी फाँट चालतात. त्यांत मराठी अक्षर इंग्रजी अक्षराच्या जागेवर बसवलेले असते, त्यामुळे तो फाँट नसलेल्या कॉम्प्युटरवर नवऱ्या मुलाच्या नावाऐवजी भलतीच चिन्हे दिसतात. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो. मराठी 'क' चा क्रमांक वेगळा, उर्दू 'काफ'चा वेगळा. म्हणून दोन्ही भाषा एकाच फाइलमध्ये नांदतात. नोटपॅड प्लस प्लसमध्ये वेबसाइटची फाइल यूटीएफ-८ या पद्धतीने जतन करावी, म्हणजे अक्षरे बिघडत नाहीत.

फाँटही विकत घ्यायलाच हवेत असे नाही. मराठीसाठी मुंबईच्या 'एक टाइप'ने केलेले मुक्ता आणि बलू, उर्दूसाठी नोटो नस्तालिक उर्दू हे गूगल फाँट्सवर मोफत मिळतात, आणि ते छापील कामातही वापरता येतात. नस्तालिकची तिरपी उतरती ओळ यंत्रात बसवणे एके काळी फार अवघड होते. १९८१ मध्ये मिर्झा अहमद जमील यांनी नूरी नस्तालिकसाठी हजारो जोडणीचे तुकडे हाताने लिहिले, तेव्हा कुठे कॉम्प्युटरवर उर्दू वर्तमानपत्र निघू लागले. आज तीच लिपी आपल्या मुलांना फुकट हाताशी आहे.

छापखान्यात फाइल देताना एक काळजी घ्यावी. इंकस्केपमध्ये सगळी अक्षरे निवडून 'ऑब्जेक्ट टू पाथ' करावे आणि मग पीडीएफ काढावी. त्यामुळे अक्षरांचे चित्र होते आणि छापखान्याकडे तो फाँट नसला तरी काही बिघडत नाही. पण हे केल्यावर मजकूर बदलता येत नाही, म्हणून मूळ फाइल वेगळी जपून ठेवावी. छापील रंग पडद्यावरच्या रंगासारखा येईलच असे नाही. मोठी ऑर्डर असेल तर आधी एक नमुना छापून पाहावा.

डाउनलोड मात्र मूळ वेबसाइटवरूनच करावे. शोधताना सर्वांत वर येणारी जाहिरात खरीच असते असे नाही; २०२२ मध्ये गिम्पच्या नावाने अशीच एक खोटी जाहिरात लावून पासवर्ड चोरणारी फाइल लोकांना दिली जात होती.

ही अवजारे मोठ्या सॉफ्टवेअरची पूर्ण जागा घेतील असा आमचा दावा नाही. एखाद्या कंपनीत नोकरी मिळाली तर तिथले सॉफ्टवेअर शिकावे लागेल. ते कंपनी देईल. पण मांडणी, रंगांची जाण, शुद्ध मराठी आणि शुद्ध उर्दू हे कोणतेही सॉफ्टवेअर देत नाही. ते सरावाने येते, आणि तो सराव या मोफत अवजारांवर पुरेपूर होतो. एका महिन्यात एकच अवजार शिकावे. पहिल्या महिन्यात इंकस्केपवर घरच्याच कुणाच्या निकाहची पत्रिका करून पाहा. काका-मामांना दाखवा, चुका काढून घ्या. कमाई त्यानंतर, इन्शाअल्लाह, आणि ती कुणाचा हक्क न मारता आलेली असेल.