अर्जदारांचे नागरिक कसे झाले

उत्तर अमेरिकेतील तेरा ब्रिटिश वसाहतींच्या प्रतिनिधींनी ४ जुलै १७७६ रोजी स्वातंत्र्याचा जाहीरनामा संमत केला. २०२६ हे त्या घटनेचे अडीचशेवे वर्ष. अशा प्रसंगी जे चित्र रंगविले जाते ते ठरीव असते. चहाच्या पेट्या समुद्रात फेकणारे वीर, करांविरुद्ध गर्जना करणारे वक्ते आणि जाहीरनाम्यावर सह्या करणारे थोर पुरुष त्यात दिसतात. हे चित्र खोटे नाही, पण चळवळीच्या कार्यकर्त्याला जो प्रश्न पडावा त्याचे उत्तर त्यात मिळत नाही. गाऱ्हाणी जगात कोठे नसतात? साम्राज्याच्या छत्राखाली राहणाऱ्या प्रत्येक समाजाला ती असतात, आणि बहुतेकांची गाऱ्हाणी अर्जाच्या कागदावरच संपतात. १७६५ साली राजाकडे नम्रपणे दाद मागणारी प्रजा अकरा वर्षांनी राजाच नको असे म्हणू लागली, हे कसे घडले, हा खरा प्रश्न आहे.

आरंभी स्वातंत्र्याचा विचार कोणाच्या मनात नव्हता. १७६३ साली पॅरिसच्या तहाने सप्तवार्षिक युद्ध संपले, फ्रान्सचा पराभव झाला आणि वसाहतींनी राजाच्या नावाने आनंदोत्सव केले. ब्रिटिश म्हणवून घेण्यात त्यांना अभिमान वाटत होता. परंतु ह्या विजयाने ब्रिटनचे राष्ट्रीय कर्ज जवळजवळ दुप्पट झाले होते आणि अमेरिकेत कायमचे सैन्य ठेवण्याचा बेत ठरला होता. त्या सैन्याचा खर्च वसाहतींनी उचलावा असे लंडनच्या मंत्रिमंडळाला वाटले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये राजाज्ञा निघाली आणि अ‍ॅपलॅशियन पर्वतापलीकडे वसाहती करण्यास बंदी झाली. १७६४ साली मळीवरील जकात कमी करून तिची वसुली मात्र कडक करण्यात आली. १७६५ च्या मार्चमध्ये मुद्रांकाचा कायदा आला. कोर्टाचे कागद, वर्तमानपत्रे, पंचांगे, इतकेच काय, पत्त्यांचे जोड आणि फासे ह्यांवरही कर बसला.

बोजा म्हणून पाहिले तर हा कर फार मोठा नव्हता. ब्रिटनमधला सामान्य माणूस वसाहतवाल्यापेक्षा कितीतरी अधिक कर भरीत होता. तरीही आग पेटली, कारण दुखणे पैशाचे होते तसेच अधिकाराचेही होते. दीडशे वर्षे वसाहतींची विधिमंडळे स्वतःचे कर स्वतः बसवीत आली होती. ज्या संसदेत आपला एकही प्रतिनिधी नाही तिने आपल्या खिशात हात घालावा, हे त्यांना मान्य होईना. मँचेस्टर आणि बर्मिंगहॅम ह्या शहरांनाही संसदेत स्वतंत्र प्रतिनिधी नाहीत, तरी संसद साऱ्यांचेच हित पाहते, असे उत्तर लंडनहून आले. बॉस्टनचा वकील जेम्स ओटिस ह्याने त्यावर रोकडा जबाब दिला. त्या शहरांना प्रतिनिधी नसतील तर ते असायला हवेत, असे तो म्हणाला. एका गाऱ्हाण्याचे तत्त्व झाले की ते दुसऱ्याच्या गाऱ्हाण्यालाही वाचा फोडते, याचे हे पहिले उदाहरण होते.

तत्त्व वकिलांनी मांडले, पण कायदा मोडला तो रस्त्यावरच्या माणसांनी. १४ ऑगस्ट १७६५ रोजी बॉस्टनमध्ये मुद्रांक विक्रीसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याची प्रतिमा झाडाला टांगण्यात आली. ह्या जमावाचा पुढारी होता एबेनेझर मॅकिंटॉश नावाचा एक चांभार. अधिकाऱ्याने राजीनाम्याचे कबूल केले आणि हे लोण इतर वसाहतींत पोहोचले. १ नोव्हेंबरला कायदा अमलात यायचा होता, तेव्हा तो अमलात आणायला जवळपास कोणी उरलेच नव्हते. ऑक्टोबरमध्ये नऊ वसाहतींचे प्रतिनिधी न्यूयॉर्कला जमले आणि त्यांनी राजाकडे व संसदेकडे आदरपूर्वक अर्ज पाठविले. १७६६ च्या मार्चमध्ये कायदा रद्द झाला. परंतु त्याच वेळी संसदेने दुसरा कायदा करून, वसाहतींना सर्व बाबतींत बांधून घेण्याचा आपला अधिकार कायम आहे असे बजावले. पदरात सवलत टाकायची आणि हक्क नाकारायचा, ही साम्राज्यसत्तेची जुनी रीत आहे. सवलतीवर जे समाधान मानतात त्यांची चळवळ तेथेच विरते. वसाहतवाल्यांच्या चळवळीचे तसे झाले नाही, कारण १७६७ साली टाउनशेंडच्या कायद्यांनी काच, शिसे, रंग, कागद आणि चहा ह्यांवर जकात बसविली व संसदेनेच त्यांची झोपमोड केली.

आता बहिष्काराचे पर्व सुरू झाले. ब्रिटिश माल मागवायचा नाही असे करार शहरोशहरी झाले. घरोघरी चरखे फिरू लागले आणि घरच्या सुताचे जाडेभरडे कापड अंगावर घालणे ही देशाभिमानाची खूण ठरली. ज्या स्त्रियांना मताचा अधिकार नव्हता त्या चरख्यापाशी आणि दुकानाच्या दारात राजकारणात आल्या. बहिष्काराचा हा मोठा गुण आहे. अर्ज लिहिणारे मूठभर असतात, पण वस्तू न घेण्याचे काम प्रत्येक घराला करता येते. दरम्यान १७६८ साली बॉस्टनमध्ये सैन्य उतरले. तुटपुंज्या पगाराचे हे शिपाई फावल्या वेळात कमी मजुरीवर कामे करू लागले आणि शहरातल्या मजुरांच्या पोटावर पाय आला. दोरखंड वळणाऱ्या कामगारांशी त्यांच्या मारामाऱ्या झाल्या. ५ मार्च १७७० च्या रात्री सैनिकांनी जमावावर गोळ्या झाडल्या, त्यांत पाच माणसे मेली. त्यांत एक दोरखंड कामगार होता, आणि आफ्रिकी व मूळ अमेरिकी रक्ताचा क्रिस्पस अ‍ॅटक्स हा खलाशीही होता. स्वातंत्र्यलढ्याच्या पहिल्या हुतात्म्यांत वकील वा व्यापारी नव्हते, ही गोष्ट जाहीरनाम्यावरील सह्या वाचताना विसरली जाते.

चहाच्या प्रकरणात तर भारताचे दुःखच अमेरिकेच्या किनाऱ्याला लागले. १७७० च्या भीषण दुष्काळात बंगालची लाखो माणसे अन्नावाचून मेली, तरी कंपनी सरकारने सारावसुलीत हात आखडला नाही. एवढी लूट करूनही ईस्ट इंडिया कंपनी दिवाळखोरीच्या काठावर आली. तिच्या गोदामांत चीनहून आणलेला चहा पडून होता. तो खपावा म्हणून १७७३ च्या मे महिन्यात संसदेने तिला अमेरिकेत थेट विक्री करण्याची सवलत दिली. चहा त्यामुळे स्वस्त होणार होता, जकात मात्र राहणार होती. वसाहतवाल्यांनी हा स्वस्ताईचा गळ ओळखला. पेनसिल्व्हानियाचा जॉन डिकिन्सन ह्याने कंपनीने आशियात केलेल्या अत्याचारांचे आणि दुष्काळाचे दाखले देऊन लोकांना सावध केले. १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री बॉस्टनच्या बंदरात तीन जहाजांवरील ३४२ पेट्या समुद्रात गेल्या.

संसदेने १७७४ साली दंडाचे कायदे केले. बॉस्टनचे बंदर बंद झाले, मॅसॅच्युसेट्सच्या सनदेचा चुराडा झाला आणि गव्हर्नरच्या परवानगीवाचून वर्षातून एकाहून अधिक ग्रामसभा घेण्यास मनाई झाली. येथे गाऱ्हाण्याचे रूप पालटले. कराचा प्रश्न मागे पडला. गावाने एकत्र बसून आपल्या कारभाराचा विचार करायचा की नाही, हा प्रश्न पुढे आला.

ह्या प्रश्नाचे उत्तर देणारी यंत्रणा तोवर उभी राहिली होती, आणि साऱ्या इतिहासाचे मर्म येथे आहे. १७७२ च्या नोव्हेंबरात सॅम्युएल अ‍ॅडम्सच्या पुढाकाराने बॉस्टनने पत्रव्यवहार समिती नेमली. काम साधे होते. आपले हक्क व त्यांवरील आघात लिहून काढायचे, गावोगाव पाठवायचे आणि उत्तरे मागवायची. वर्ष-दोन वर्षांत मॅसॅच्युसेट्सच्या निम्म्याहून अधिक गावांत अशा समित्या झाल्या आणि इतर वसाहतींनीही त्यांचे अनुकरण केले. १७७४ च्या सप्टेंबरात बारा वसाहतींचे प्रतिनिधी फिलाडेल्फियाला जमले. त्यांनी संपूर्ण बहिष्कार पुकारला आणि त्याच्या अंमलबजावणीसाठी प्रत्येक परगण्यात, शहरात व गावात समिती निवडावी असा आदेश दिला. माल तपासणे, भाव रोखणे, करार मोडणाऱ्याचे नाव जाहीर करणे, ही कामे ह्या समित्या करू लागल्या. त्यांच्या हातून अन्यायही झाले. राजनिष्ठांना डांबर फासण्यापर्यंत मजल गेली आणि पुढे सुमारे साठ हजार माणसांनी देश सोडला. परंतु ज्या शेतकऱ्याने वा कारागिराने आजवर कारभाराला हात लावला नव्हता तो आता समितीत बसून निर्णय घेत होता.

६ सप्टेंबर १७७४ रोजी वूस्टर गावी जे घडले ते ह्या बदलाचे सर्वांत बोलके प्रमाण आहे. नव्या कायद्याखाली तेथे कोर्ट भरायचे होते. आसपासच्या ३७ गावांतून साडेचार हजारांहून अधिक माणसे आपापल्या तुकड्यांनी आली आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना रांगा करून उभी राहिली. न्यायाधीशांना व अधिकाऱ्यांना डोक्यावरील टोपी हातात घेऊन त्या रांगांमधून जावे लागले, आणि ह्या कायद्याखाली आपण काम करणार नाही असे पुन्हा पुन्हा वाचून दाखवावे लागले. रक्ताचा थेंब सांडला नाही. ऑक्टोबरात प्रांतिक काँग्रेस भरली. सरकारी खजिनदाराकडे कर न भरता आपण नेमलेल्या माणसाकडे भरावा, असे तिने गावांना सांगितले. लेक्झिंग्टनची पहिली गोळी १९ एप्रिल १७७५ ला सुटली. बॉस्टन शहराबाहेर मॅसॅच्युसेट्समधून राजाचे राज्य त्याआधी सहा महिन्यांपूर्वीच उठले होते.

तरीही मनातला राजा जायला वेळ लागला. लढाई सुरू झाल्यावरही १७७५ च्या जुलैमध्ये काँग्रेसने राजाकडे समेटाचा अर्ज पाठविला. राजाने तो स्वीकारला नाही आणि ऑगस्टमध्ये वसाहती बंडखोर असल्याचे जाहीर केले. दुष्ट मंत्री आणि भला राजा ही कल्पना येथे कोसळली. १७७६ च्या जानेवारीत टॉमस पेन ह्याची ‘कॉमन सेन्स’ ही पुस्तिका निघाली. पेन हा इंग्लंडात कॉर्सेट शिवणारा कारागीर होता आणि अमेरिकेत येऊन त्याला वर्षाहून थोडाच अधिक काळ झाला होता. राजेशाही हीच मुळात बुद्धीला न पटणारी गोष्ट आहे, हे त्याने साध्या माणसाच्या भाषेत सांगितले. त्या वर्षीच्या वसंतात गावे, परगणे आणि प्रांत ह्यांनी स्वातंत्र्याच्या बाजूने नव्वदांच्या आसपास ठराव केले. जेफर्सनच्या लेखणीने राजावर जो आरोपांचा पाढा वाचला तो असा आधीच गावोगाव वाचून झाला होता.

परंतु कोणाची गाऱ्हाणी त्या पाढ्यात आली आणि कोणाची गाळली गेली, हेही पाहिले पाहिजे. वसाहतींच्या सुमारे पंचवीस लाख लोकसंख्येत पाचांतला एक माणूस गुलाम होता. मॅसॅच्युसेट्समधील गुलामांनी १७७३ पासून आपल्या मुक्ततेसाठी अर्ज केले. हक्कांची भाषा त्यांनी आपल्या धन्यांकडूनच उचलली होती. गुलामांच्या व्यापाराबद्दल राजाला दोष देणारे कलम जेफर्सनने मसुद्यात घातले होते, ते काँग्रेसने काढून टाकले. जेफर्सन स्वतः गुलामांचा धनी होता. मूळ अमेरिकी लोकांचा उल्लेख जाहीरनाम्यात आला तो निर्दय रानटी म्हणून. पर्वतापलीकडील वसाहतींना बंदी हे वसाहतवाल्यांचे गाऱ्हाणे होते, आणि पलीकडच्या माणसांना मात्र त्या बंदीचाच थोडाफार आधार होता. म्हणजे एकाचे स्वातंत्र्य दुसऱ्याच्या भूमीवरून चालत गेले. गुलामगिरी कायद्याने संपायला १८६५ साल उजाडावे लागले.

गोऱ्या शेतकऱ्याचे तरी काय झाले? युद्धात लढून परतलेला मॅसॅच्युसेट्सचा शेतकरी कर आणि कर्ज ह्यांत बुडाला. सावकारांचे हुकूमनामे निघू लागले, जमिनी जप्त होऊ लागल्या. त्याने आधी अर्ज केले. ते वाया गेले तेव्हा १७८६ साली त्याने तेच केले जे १७७४ साली केले होते. त्याने कोर्टे बंद पाडली, वूस्टरचे कोर्टसुद्धा. डॅनियल शेज हा युद्धातील माजी कॅप्टन त्यांच्या पुढाऱ्यांपैकी एक होता. ह्या वेळी व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून उभारलेली फौज त्यांच्यावर चालून गेली. आणि ज्या सॅम्युएल अ‍ॅडम्सने पत्रव्यवहार समित्या उभारल्या त्यानेच, प्रजासत्ताकाविरुद्ध उठणाऱ्याला देहान्त शासन हवे, असे मत दिले. राजाविरुद्ध जे कृत्य देशभक्ती ठरले होते ते सावकाराविरुद्ध होताच राजद्रोह ठरले.

साम्राज्यसत्ताही अमेरिकेपाशी थांबली नाही. १७८१ साली यॉर्कटाउन येथे ज्याच्या सैन्याने शरणागती पत्करली तो लॉर्ड कॉर्नवॉलिस १७८६ साली गव्हर्नर-जनरल होऊन कलकत्त्याला आला. त्याच्या कारकीर्दीत १७९३ साली बंगालवर कायमधाऱ्याची जमीनदारी लादली गेली आणि वरिष्ठ जागांची दारे हिंदी माणसाला बंद झाली.

अमेरिकेच्या अनुभवातून दोन गोष्टी उरतात. गाऱ्हाणे कितीही न्याय्य असो, ते आपोआप चळवळ होत नाही. गावागावांतील माणसे एकत्र बसून आपला कारभार हाती घेऊ लागतात, तेव्हाच अर्जदाराचा नागरिक होतो, आणि स्वातंत्र्याची घोषणा ही त्या घडलेल्या गोष्टीवरची मोहोर असते. दुसरी गोष्ट अधिक कडू आहे. सत्ता हाती आलेला नागरिक आपल्या दारी आलेल्या नव्या अर्जदाराला कसा वागवतो, यावर त्या स्वातंत्र्याची किंमत ठरते. गुलामाचा अर्ज आणि कर्जबाजारी शेतकऱ्याचा अर्ज नव्या प्रजासत्ताकाच्या दारात बराच काळ न वाचता पडून राहिला. अडीचशे वर्षांच्या उत्सवात चहाच्या पेट्यांची मोजदाद पुष्कळ होईल. त्या अर्जांचीही व्हायला हवी.