जुन्या जीपगाडीच्या कमानी : विकण्यापूर्वीं एकदां खालीं वांकून पाहा

पोळ्याच्या आदल्या दिवशीं बैलांचे खांदे मळण्याची चाल आपल्याकडे पूर्वापार आहे. वर्षभर जूं वाहिलेल्या खांद्यास तूप-हळद लावतांना धन्याचा हात आपोआप गांठ, सूज, जखम चाचपून पाहतो, आणि पुढील हंगामांत त्या खांद्यावर किती भार घालावा हेंहि तेथेंच ठरतें. आतां पुष्कळ सभासदांच्या दारीं बैलजोडीच्या शेजारीं, किंवा तिच्या जागीं, एक जीपगाडी उभी असते. तिच्या खांद्यांस मात्र कोणी हात लावीत नाहीं. ती हादरूं लागली म्हणजे आपण प्रथम रस्त्यास दोष देतों, मग गाडीच्या वयास, आणि शेवटीं कर्जाचा अर्ज मागवितों. या क्रमांत मोठी चूक आहे. ती आमच्या हातून घडलेली असल्यामुळें तिजविषयीं चार शब्द लिहिण्याचा अधिकार आम्हांस आहे, असें वाटतें.

आमच्या घरीं २०१२ सालची बोलेरो गाडी आहे. गेल्या मार्गशीर्षांत आमच्या वडीलबंधूंच्या कुटुंबाची, म्हणजे वहिनींची, मणक्याची शस्त्रक्रिया झाली. जिल्ह्याच्या ठिकाणाहून त्यांस घरीं आणतांना दर खड्ड्यास गाडी तीन तीन वेळां उसळे आणि वहिनी तोंडांत पदर धरून बसत. दारांत उतरतांच त्या म्हणाल्या, “भाऊजी, टाके काढावयास मी एस्‌टीनें जाईन, पण या गाडींत मला पुन्हां बसवूं नका.” त्याच रात्रीं पुतण्यानें विषय काढला. “काका, गाडी म्हातारी झाली. येईल त्या किंमतीस देऊन टाकूं आणि नवी घेऊं. आठ लाखांचें कर्ज मिळतें आहे, मी चौकशी केली आहे.”

त्याच्या बोलण्यांत उधळेपणा नव्हता. आईचे हाल त्यानें डोळ्यांनीं पाहिले होते. तथापि तीसाहून अधिक वर्षें महसुली कचेरींत कारकुनी केलेल्या मनुष्यास आंकडा मांडल्यावांचून झोंप येत नाहीं. ८ लाख रुपये कर्ज, व्याज दरसाल ९.५ टक्के आणि मुदत ५ वर्षें धरिली, तर महिन्याचा हप्ता सुमारें १६,८०० रुपये पडतो. साठ हप्ते मिळून १० लाख ८ हजार रुपये होतात. म्हणजे २ लाख ८ हजार रुपये नुसतें व्याज. शेतकऱ्याचें उत्पन्न हंगामीं, आणि हप्ता मात्र दरमहा. गाडीचा हप्ता थकूं नये म्हणून पीककर्जाचे पैसे तिकडे वळवावे, पीककर्ज थकावें, आणि शेवटीं सातबाऱ्याच्या इतर हक्कांत बोजा कायम व्हावा, असे दाखले आमच्या नजरेखालून गेले आहेत. म्हणून आम्हीं पुतण्यास आठ दिवसांची मुदत मागितली आणि तालुक्याच्या गांवीं एका वृद्ध मिस्त्रींकडे गाडी नेली. तेथें जें शिकलों तें पुढें देत आहों.

गाडीच्या सांगाड्याखालीं तीन अंगें तीन निरनिराळीं कामें करितात, आणि त्यांचा घोळ केल्यानेंच पुष्कळ पैसा वायां जातो. पहिलें अंग कमान. आमच्या गाडीस पुढें गुंडाळीची स्प्रिंग आहे आणि मागें टांग्यास असत तसे एकाखालीं एक बसविलेले पोलादी पाटे आहेत. कमान वजन तोलते आणि धक्का लवून सोसते. जितका भार तितकी लवण, हा नियम रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञानें १६७८ सालीं प्रसिद्ध केला. परंतु लवलेली कमान उलट उसळते, आणि तिला कोणी आवरलें नाहीं तर उसळतच राहते. हें आवरण्याचें काम दुसऱ्या अंगाचें. त्यास शॉकअ‍ॅब्सॉर्बर म्हणतात. मिस्त्रीलोक ‘शॉकप’ म्हणतात. त्याच्या नळींत तेल असतें. दट्ट्या वर-खालीं होतांना तें तेल बारीक छिद्रांतून दाबलें जातें आणि उसळीचा जोर उष्णतेच्या रूपानें जिरतो. कमान ही बैलाची ताकद, तर शॉकप ही त्याची वेसण, असें समजावें. तिसरें अंग म्हणजे या सर्वांच्या सांध्यांतील रबरी बुश. लोखंडावर लोखंड आदळूं नये म्हणून ते असतात. रबर हें उन्हानें, उष्णतेनें, तेलानें आणि नुसत्या वयानेंहि कडक होऊन तडकतें. म्हणून गाडी फारशी फिरली नाहीं, तेव्हां बुश शाबूत असतील, असा हिशेब करूं नये.

तपासणी स्वस्त गोष्टीपासून महाग गोष्टीकडे करावी. ती अशी :

(१) टायर. हवा सकाळीं, गाडी चालविण्यापूर्वीं मोजावी आणि कारखान्यानें नेमून दिलेल्या आंकड्याशीं ताडून पाहावी. जास्त हवेनें गाडी दगडासारखी चालते. टायरच्या कडेवर चार आंकडी तारीख असते. २३१९ याचा अर्थ २०१९ सालचा २३ वा आठवडा. फार जुनें टायर कडक होऊन धक्के देतें.

(२) बुश. गाडीखालीं दिवा धरून पाहावे. रबर चिरलेलें, बाहेर आलेलें किंवा एका बाजूस दबलेलें असेल तर तें गेलें असें जाणावें. लहान खड्ड्यांतहि ‘खट्‌’ असा आवाज येणें ही त्याचीच खूण होय.

(३) शॉकप. नळीवरून तेल ओघळून त्यावर धुळीचा थर बसलेला असणें, टायर ठिकठिकाणीं लाटांसारखें झिजणें, ब्रेक दाबतांच गाडीचें तोंड फार खालीं जाणें, आणि खड्डा गेल्यावरहि गाडी झुलत राहणें, ह्या त्याच्या खुणा. गाडीचा कोपरा दाबून सोडण्याची परीक्षा पुष्कळ लोक करितात. परंतु कडक पाट्यांच्या गाडीस ती पुरेशी नाहीं, कारण हातानें पाटा लवतच नाहीं.

(४) कमानी. सपाट जागीं रिकामी गाडी उभी करून चाकाच्या मध्यापासून वरील मडगार्डच्या कडेपर्यंत डावें-उजवें अंतर मोजावें. लक्षांत येण्याजोगा फरक असेल तर एका बाजूची कमान बसली आहे किंवा पाटा तुटला आहे.

आमच्या गाडीची तपासणी याच क्रमानें झाली. हवा नेमल्यापेक्षां बरीच जास्त होती. मागील बुशांचा भुगा झाला होता. दोन वर्षांपूर्वीं एका गॅरेजांत पुढील दोन्ही शॉकप बदलून घेतले होते; परंतु बुशांकडे कोणी पाहिलें नव्हतें, आणि मागील एक शॉकप तर तेल जाऊन कोरडा पडला होता. चौथ्या कलमाशीं येतांच मिस्त्रींनीं आम्हांस जवळ बोलाविलें आणि विचारलें, “साहेब, हे दोन पाटे कोणी वाढविले?”

तेथें आम्हांस मान खालीं घालावी लागली. २०१७ सालीं कांद्याच्या गोण्या बाजारांत नेण्यासाठीं आम्हींच दोन्ही बाजूंस एक एक जादा पाटा घालविला होता. गोण्या भरल्या असतां गाडी ताठ राही, म्हणून आम्ही खूष होतों. पुढें कांदा टेंपोनें जाऊं लागला. पाटे मात्र तसेच राहिले. पंचवीस गोण्यांसाठीं बांधलेली कमान एका आजारी बाईच्या वजनानें लवणार कशी? वहिनींस लागलेल्या धक्क्यांपैकीं निम्मे रस्त्याचे नव्हते, गाडीच्या वयाचेहि नव्हते. ते आमचे होते.

दुरुस्ती दोन दिवसांत झाली. जादा पाटे काढिले; मूळचे पाटे सुटे करून गंज घासून काढिला आणि बसलेली वळण पाटेवाल्याकडून पुन्हां आणविली. येथें एक सावधगिरी पाहिजे. पाटा नुसता तापवून वांकविला तर तो थोड्याच दिवसांत पुन्हां बसतो. त्यास तापविल्यावर रीतसर पाणी दिलें पाहिजे. तें करणारा कारागीर नसेल तर नवा पाटा घेणें बरें. सर्व बुश व चारहि शॉकप नवे घातले. पुढील शॉकप अगदींच गेले नव्हते. पण एकाच आंसावर एक नवा व एक जुना कधींहि ठेवूं नये, आणि मागील नव्यांपुढें हे ढिले पडले असते, म्हणून तेहि बदलले.

आणखी तीन गोष्टी मिस्त्रींनीं सांगितल्या, त्या सभासदांनीं टिपून ठेवाव्या. जे रबरी बुश लोखंडी नळीस चिकटविलेले असतात, त्यांचे नट-बोल्ट गाडी जॅकवर असतांना शेवटचे आंवळूं नयेत. चाकें जमिनीवर टेंकवून, गाडीचें वजन त्यांवर आल्यावर आंवळावे. नाहींतर रबर कायमचें पिळलेलें राहून लवकर फाटतें. दुसरें, पाट्यांचे यू-बोल्ट थोडी चाल झाल्यावर पुन्हां आंवळून घ्यावे, आणि पुढील भागाचें काम झाल्यावर चाकांची अलाइनमेंट करावी. तिसरें, पुढील गुंडाळीच्या स्प्रिंगला घरीं हात लावूं नये. दाबलेली स्प्रिंग अवजारावांचून सुटली तर मनुष्याचा जीव घेऊं शकते.

खर्चाचा तपशील असा : बुश ३,२००, शॉकप चार ७,६००, पाट्यांचें काम ३,४००, अलाइनमेंट ६००, मजुरी ४,६००, एकूण १९,४०० रुपये. गांवोगांवीं हा आंकडा कमी-अधिक होईल. परंतु ज्या कर्जाचे ६० हप्ते आमच्या पुढें होते, त्याच्या सव्वा हप्त्याहूनहि ही रक्कम कमी आहे.

टाके काढण्याच्या दिवशीं वहिनी नाखुषीनेंच गाडींत बसल्या. ओढ्याजवळचा तोच खड्डा आला, गाडी एकदां लवली आणि स्थिर झाली. वहिनी थोड्या वेळानें म्हणाल्या, “खड्डा आहे तो आहेच, भाऊजी, पण आतां तो एकदांच लागतो.” दुरुस्तीपासून किती अपेक्षा करावी, याचें याहून नेमकें माप आम्हांस सांगतां येणार नाहीं. पाट्यांची गाडी शहरी मोटारीसारखी मऊ होणार नाहीं, आणि तसें वचन कोणी देत असेल तर त्यावर विश्वास ठेवूं नये.

प्रत्येक जुनी गाडी राखावीच असाहि आमचा आग्रह नाहीं. पाटे ज्या ठिकाणीं टांगलेले असतात तेथें सांगाडा गंजून सडला असेल किंवा त्यास तडा गेला असेल, तर कमानींवर पैसा घालणें म्हणजे पडक्या भिंतीस गिलावा करणें होय. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनीं तपासणी करून नवी करावी लागते व ती पुढें ५ वर्षें चालते. त्या तपासणींत गाडी टिकेल कीं नाहीं हें आधीं मिस्त्रीस विचारावें. उत्तर ‘नाहीं’ असें आलें तर खुशाल विकावी. आमचें म्हणणें इतकेंच कीं विचारण्याच्या आधीं विकूं नये.

शेवटीं मंडळापुढें एक सूचना ठेवितों. दरवर्षीं पोळ्याच्या आधींचा एक रविवार जीपगाड्यांच्या तपासणीसाठीं नेमावा. मंडळाच्या आवारांत एक खांच बांधावी, एक जाणता मिस्त्री रोजावर बोलवावा, आणि प्रत्येक गाडीच्या नांवें एक पान घालून त्यावर टायर, बुश, शॉकप व कमानी यांची स्थिति लिहावी. लागणारे बुश व शॉकप सर्वांनीं मिळून पावतीनें खरेदी केले तर नकली मालाचें भयहि कमी होईल. हें नोंदवहीचें काम करावयास आम्ही तयार आहों. दुसरें कांहीं नाहीं तरी रकाने भरण्याची संवय आम्हांस आहे. आणि ज्या सभासदांनीं गोण्यांसाठीं पाटे वाढविले असतील, त्यांनीं त्या रविवारची वाट न पाहतां आजच खालीं वांकून पाहावें. त्या गाडींत उद्यां कोण बसणार आहे, हें कोणास ठाऊक?