विश्लेषण : जपानी आकडे सोपे, मग तारखांनाच गाडी का अडते?

नगर-पुणे महामार्गावरचं सुपे आता फक्त एमआयडीसीचा थांबा राहिलेलं नाही. भारत आणि जपान यांच्या औद्योगिक वसाहतींच्या यादीत पारनेर तालुक्यातल्या या सुप्याचं नाव आहे. त्यात जानेवारी २०२१ मध्ये दोन्ही देशांत कुशल कामगारांबाबत करार झाला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये पाच वर्षांत ५० हजार कुशल भारतीय जपानमध्ये जातील असं उद्दिष्ट जाहीर झालं. आयटीआय, डिप्लोमा, इंजिनीअरिंग झालेली जिल्ह्यातली मुलं जपानीच्या क्लासची चौकशी करतात ती याच आशेवर. या करारातून जाण्यासाठी साधारणपणे जेएलपीटीची एन-४ पातळी किंवा जेएफटी-बेसिक परीक्षा लागते. त्याच्या खालची, नवशिक्यांची पायरी म्हणजे एन-५. आणि एन-५ ची सुरुवात होते आकडे आणि तारखांपासून.

आकडे खरोखर सोपे आहेत का?

आहेत. मराठीपेक्षाही सोपे. इचि, नि, सान, योन, गो, रोकु, नाना, हाचि, क्यू, ज्यू. हे दहा पाठ झाले की नव्याण्णवपर्यंतचं काम संपलं. अकरा म्हणजे ज्यू-इचि (दहा एक), एकवीस म्हणजे नि-ज्यू-इचि (दोन दहा एक), नव्याण्णव म्हणजे क्यू-ज्यू-क्यू. एकोणसाठ, त्रेसष्ट, अठ्ठ्याहत्तर अशी भानगडच नाही. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसला 'वीस एक' असंही वाचायची सोय दिली, तेव्हा राज्यभर केवढा गदारोळ झाला होता! मंगला नारळीकर त्या बदलाची बाजू मांडत होत्या. जपानी मुलं जवळपास तसंच मोजतात.

पुढे थोडे खाचखळगे आहेत. शंभर म्हणजे ह्याकु, पण तीनशे सांब्याकु, सहाशे रोप्प्याकु, आठशे हाप्प्याकु. हजार म्हणजे सेन, पण तीन हजार सांझेन, आठ हजार हास्सेन. शाळेत संधी शिकलेल्यांना यात नवल वाटू नये. खरी गोची दहा हजारांपाशी आहे. जपानीत दहा हजाराला 'मान' हे वेगळं एकक आहे आणि पुढची सगळी मोजणी त्याच्यावर चालते. आपला एक लाख म्हणजे ज्यू-मान, एक कोटी इस्सेन-मान, दहा कोटी इचि-ओकु. पगार दोन लाख येन असेल तर समोरचा 'नि-ज्यू-मान' म्हणेल. त्यातलं 'नि-ज्यू' म्हणजे वीस एवढंच ऐकून वीस हजार समजणारा नवशिका करारावर सही करायला बसला, तर अवघड आहे. उपाय साधा : सरावाच्या वहीत स्वल्पविराम चार अंकांनी द्यायचा, २०,००००.

मग तारखा?

इथे नियम मोडतात. १ त्सुइताची, २ फुत्सुका, ३ मिक्का, ४ योक्का, ५ इत्सुका, ६ मुइका, ७ नानोका, ८ योऽका, ९ कोकोनोका, १० तोऽका. वीस तारीख हात्सुका. १४ आणि २४ च्या शेवटी पुन्हा योक्का. बाकी सगळ्या आकड्याला 'निचि' लावून होतात. इचि-नि-सान पाठ करून आलेला विद्यार्थी हे पाहतो आणि क्लास सोडायचा विचार करतो. मीही अॅपवर याच धड्यापाशी आठवडाभर अडकलो होतो.

कारण समजलं की भीती कमी होते. इचि-नि-सान ही मालिका चीनमधून आलेली, फुत्सुका-मिक्का ही जपानची स्वतःची. आपणही एक-दोन-तीन मोजतो, पण तिथीला पाडवा, बीज, तीज, चौथ म्हणतोच की. त्सुइताची या शब्दाचं मूळ 'चंद्र सुरू होणं' असं आहे. १८७३ पासून जपानने चांद्र पंचांग सोडलं, शब्द मात्र राहिला. माणसं मोजतानाही तेच. हितोरी, फुतारी म्हणजे आपलं एकटा, दोघं. तिथून जपानी माणूस सान-निन म्हणत नियमावर येतो, आपण तिघं-चौघं करत पुढे जातो.

म्हणूनच एक तक्रार. बहुतेक नवशिके हे तक्ते इंग्रजी अक्षरांत पाठ करतात आणि मराठी माध्यमातल्या मुलाला वाटतं, आधी इंग्रजी पक्कं हवं. मुळीच नको. 'त्सु' म्हणजे 'चुलता'मधला चु. हा उच्चार आपल्या तोंडात जन्मापासून आहे. योक्का आणि योऽका यांतला फरक देवनागरीत डोळ्यांना दिसतो : एकात जोडाक्षर, दुसऱ्यात लांबवलेला ओ. तो कानाला कळला नाही तर चार तारखेच्या मुलाखतीला उमेदवार आठ तारखेला उगवेल. महिन्यांत आकडा अधिक 'गात्सु' एवढंच. फक्त एप्रिल शि-गात्सु, जुलै शिचि-गात्सु, सप्टेंबर कु-गात्सु. इथे योन, नाना, क्यू चालत नाहीत.

लिहिताना काय उलटं होतं?

क्रम. आधी वर्ष, मग महिना, शेवटी दिवस. दुधाच्या खोक्यावर २६.०४.०५ दिसलं तर मुदत ५ एप्रिल २०२६ ला संपते. आपल्या सवयीने २६ एप्रिल धरून चालणाऱ्याचं पोट बिघडेल. सरकारी कागदावर आणखी एक वळण असतं : सम्राटाच्या कारकिर्दीचं वर्ष. १ मे २०१९ ला रेइवा पर्व सुरू झालं, म्हणून २०२६ हे रेइवा ८. तेव्हा '८.४.५' हीसुद्धा ५ एप्रिल २०२६ च. शकासाठी ७८ वजा करतो, तसे इथे २०१८ वजा करायचे. २००३ मध्ये जन्मलेल्याने जन्मवर्ष हेइसेइ १५ लिहायचं, कारण आधीचं हेइसेइ पर्व १९८९ ला सुरू झालं होतं.

वारांना मात्र आपल्याला फुकटचे गुण आहेत. निचि-योऽबि सूर्याचा, गेत्सु-योऽबि चंद्राचा, का-योऽबि मंगळाचा... शनीपर्यंत ग्रहांचा क्रम आपलाच.

जेएलपीटी वर्षातून दोनदा, जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी होते आणि नगरकरांना जवळचं केंद्र पुणे. एन-५ ला १८० पैकी ८० गुण लागतात, त्यात ऐकण्याच्या भागात ६० पैकी किमान १९. तारखा, वेळा, किमती कानावर पडतात त्या तिथेच. २०२६ मधला डिसेंबरचा पहिला रविवार ६ तारखेला येतो : ज्यूनि-गात्सु मुइका, निचि-योऽबि.