खर्जाचा भार आणि यंत्राचा कान

कीर्तन रंगात आलेले असता कोणी ध्वनिक्षेपकाचा आवाज उतरविला, तर प्रथम काय हरपते? टाळ नव्हे, आमचे निरूपणही नव्हे. हरपतो तो पखवाजाच्या डाव्या, कणीक लावलेल्या तोंडाचा घुमारा. वादकाची थाप तितकीच जोरकस असते. श्रोत्यांस मात्र वाटते की याचा हात थकला. दोष हाताचा नाही, कानाच्या घडणीचा आहे.

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत फ्लेचर व मन्सन यांनी १९३३ साली समान मोठे भासणाऱ्या स्वरांच्या वक्ररेषा आखल्या. सेकंदास १००० कंपनांचा स्वर जेमतेम ऐकू यावयास जेवढे बळ लागते, त्याहून सुमारे २५ डेसिबल अधिक १०० कंपनांच्या स्वरास लागते. तीन-चार हजार कंपनांपाशी कान सर्वांत तीक्ष्ण. जेमतेम अडीच सेंटिमीटरांची कर्णनलिका त्याच सुमारास निनादते. आवाज वाढू लागला, की मात्र हा पक्षपात ओसरतो. मंद असता लोपलेला खर्ज आता छातीवर येऊन बसतो.

गणेशोत्सवाच्या तोंडावर हे सांगण्याचे कारण आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागास दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबलांची मर्यादा घातली, ती 'ए' श्रेणीच्या मापाने. ही श्रेणी बेतली गेली ती मंद आवाजाच्या, ४० डेसिबलांच्या वक्ररेषेवरून. ६३ कंपनांच्या खर्जातून ती सुमारे २६ डेसिबल वजा करते. मिरवणुकीतील ध्वनिभिंतींना हाच हिशेब लावणे म्हणजे लग्नाच्या पंगतीचा शिधा एकादशीच्या फराळाच्या मापाने मोजणे होय. (कर्णे आमच्याही देवळावर आहेत, हे आम्ही विसरलेलो नाही.) शिवाय भिंती तार स्वरांना बरेच अडवितात, खर्जास फार थोडे. दारे-खिडक्या लावून निजलेल्या रुग्णापर्यंत पोहोचतो तो नेमका हाच, यंत्राने निम्म्याहून अधिक माफ केलेला धडधडाट. आकडा पाहून आयोजक निश्चिंत आणि तक्रार करणारा खोटा ठरतो.

'सी' नावाची दुसरीही श्रेणी आहे. त्याच ६३ कंपनांपाशी तिची वजावट एका डेसिबलाहूनही कमी. अनेक मापकयंत्रांवर ती कळ असतेच. यंदा मिरवणुकीच्या मार्गावर मोजणाऱ्यांनी दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहावेत आणि ते दुसऱ्या दिवशी याच दैनिकात छापले जावेत, एवढेच आमचे मागणे आहे.